ब्राह्म्सची चौथी सिंफनी : कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९८०

अनाहत

वाद्यवृंद-संचालक कार्लोस क्लायबर यांनी मार्च १९८० मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेल्या, जर्मन संगीतकार ब्राह्म्सच्या चौथ्या सिंफनीविषयी (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) सविस्तर बोलावे, यासाठी हा धागा काढत आहे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली तिची सीडी माझ्याकडे पंचवीसएक वर्षे आहे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले, सीडी मात्र अजून नियमाने वाजते. एवढ्या काळात याच सिंफनीची दहा-बारा तरी अन्य ध्वनिमुद्रणे मी ऐकली. त्यांतील काही मला अधिक मायाळू वाटली, काही अधिक भव्य वाटली. पण शेवटचा स्वर विरल्यावर याहून वेगळे काही घडणे शक्यच नव्हते, अशी जाणीव मला याच एका वादनातून होते. ती कशातून निर्माण होते, हे मला शोधायचे आहे.

ज्यांनी ही सिंफनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ब्राह्म्सने ती १८८४ आणि १८८५ च्या उन्हाळ्यांत ऑस्ट्रियातील म्युर्झत्सुश्लाग या डोंगराळ गावी लिहिली. तेथील थंड हवेत चेरी कधी गोड होत नाहीत आणि आपल्या नव्या रचनेलाही त्या हवेची चव लागली असावी, अशी भीती त्याने संचालक हान्स फॉन ब्यूलो यांना पत्रातून कळवली होती. २५ ऑक्टोबर १८८५ रोजी माइनिंगेन येथे ब्राह्म्सच्याच संचालनाखाली तिचे पहिले वादन झाले. तिच्या चार भागांपैकी (मूव्हमेंट) पहिली आणि शेवटची मूव्हमेंट ई मायनरमध्ये (ई हा षड्ज, गंधार कोमल) आहे, आणि मायनरमध्ये सुरू होणाऱ्या कित्येक सिंफनी अखेरीस मेजरच्या (शुद्ध गंधाराच्या) उजेडात जाऊन संपत असताना ही मात्र मायनरमध्येच, कोणतीही सवलत न देता संपते.

आता सुरुवातीकडे येतो. या सिंफनीला प्रस्तावना नाही. ब्राह्म्सने चार बारांची (बार म्हणजे आपल्या तालातल्या खंडासारखे माप) एक छोटी प्रस्तावना लिहून पाहिली होती आणि ती खोडून टाकली. त्यामुळे पहिला स्वर कसा उमटावा, हा प्रत्येक संचालकापुढचा पहिलाच प्रश्न असतो. अनेकजण तो स्वर किंचित लांबवतात, जणू एखाद्याने दीर्घ उसासा सोडून बोलायला आरंभ करावा. क्लायबर तसे करत नाहीत. त्यांच्या वादनात असे वाटते की संगीत आधीपासूनच चालू होते, आपण फक्त दार उघडून आत आलो. व्हायोलिनवर स्वर जोडीजोडीने येतात, त्यांच्यामागून सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्ये मात्रेच्या अंतरात उत्तर देतात, आणि ही उत्तरे क्लायबर यांच्याकडे इतकी सावध आणि हलकी आहेत की मुख्य सुरावटीइतकेच लक्ष त्यांच्याकडे जाते.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : या वादनातील ताण लय वाढवण्या-घटवण्यातून येत नाही, तो सांधे झाकण्यातून येतो. एक वाक्य संपून दुसरे सुरू होते त्या जागी सामान्यतः थोडासा श्वास घेतला जातो. क्लायबर तेथे एखाद्या मधल्या वाद्याचा धागा पुढे खेचून नेतात आणि आपल्याला विसावा मिळू देत नाहीत. पहिली मूव्हमेंट पावणेतेरा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे ती विलक्षण जलद मुळीच नाही, तरीही ऐकताना ती एका दमात संपल्यासारखी वाटते.

इतरांचे अनुभव वाचायला आवडेल. असहमती असल्यास ती विशेष आवडेल.

सांजवेळ

अनाहत, आपण लिहिल्यावर काल रात्री दोनदा ऐकली. पाश्चात्त्य संगीताचा माझा अभ्यास नाही, माझे कान ख्यालावर वाढलेले आहेत, त्यामुळे माझे बोलणे चुकले तर सुधारावे.

सुरुवातीची सुरावट मी हार्मोनियमवर काढून पाहिली. ई हा षड्ज धरला तर ती ‘प-ग, सा-ध, म-रे, नी-प’ अशी येते. त्यात गंधार आणि धैवत कोमल, बाकी सगळे शुद्ध. हे किरवाणीचे स्वर आहेत, पण किरवाणीचा चेहरा त्यात कोठेही नाही, कारण स्वर एकमेकांशेजारी राहतच नाहीत. एक जोडी खाली उतरते आणि पुढची जोडी लांब उडी मारून वर चढते. एवढ्या तुटक स्वरांतून सलग वाक्य उभे करणे ही वादकांची कसोटी असणार. या ध्वनिमुद्रणात मला त्या उड्या जाणवल्याच नाहीत, मींडेने जोडल्यासारख्या वाटल्या, आणि हार्मोनियमवर वाजवून पाहिल्यावरच त्या किती रुंद आहेत हे समजले.

दुसऱ्या मूव्हमेंटच्या आरंभी हॉर्नवर (पितळी फुंकवाद्य) जे येते त्याने मी चकित झाले. पुन्हा ई हाच षड्ज, पण आता रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल. म्हणजे भैरवीचे स्वर. आणि मग क्लॅरिनेट तीच सुरावट घेऊन येते तेव्हा गंधार शुद्ध होतो. त्या एका स्वराच्या बदलाने खोलीतील प्रकाश बदलल्यासारखे झाले.

जुनी तबकडी

असहमती मागितली आहेत म्हणून मोकळेपणाने लिहितो. क्लायबर यांचे हे वादन निर्दोष आहे, हे मला मान्य आहे. परंतु ब्राह्म्सच्या या सिंफनीत जे विदारक आहे ते मला तेथे सापडत नाही. ते मला संचालक विल्हेल्म फुर्टवेंगलर यांच्या बर्लिन फिलहार्मोनिकसोबतच्या ऑक्टोबर १९४८ च्या थेट मैफलीच्या ध्वनिमुद्रणात सापडते. युद्धात या वाद्यवृंदाचे मूळ सभागृह बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले होते, त्यामुळे मैफली टिटानिया पालास्ट या चित्रपटगृहात होत असत. त्या मैफलीत पहिला स्वर शांततेतून जन्म घेताना ऐकू येतो. तो सुरू कधी झाला हे सांगता येत नाही. आणि पहिल्या मूव्हमेंटच्या अखेरीस फुर्टवेंगलर लय अशी वाढवत नेतात की वाद्यवृंद कड्यावरून खाली झेपावतो आहे असे वाटते. ती लय स्कोअरमध्ये (रचनेच्या स्वरलिपीत) लिहिलेली नाही हे मला ठाऊक आहे. पण बंदिशीच्या कागदावर तरी सगळे कोठे लिहिलेले असते?

आपण ‘सांधे झाकणे’ म्हणता तो गुण आहे, मात्र कधीकधी सांधा उघडा पडलेला दिसावा असे मला वाटते. माणूस बोलता बोलता थांबतो, तेव्हाच त्याला काय सांगायचे होते हे कळते.

व्हिओला

तबकडीकाका, आपल्या मुद्द्यावर खुद्द ब्राह्म्सचे मत उपलब्ध आहे, आणि गंमत अशी की ते तुम्हा दोघांच्याही बाजूचे आहे.

जानेवारी १८८६ मध्ये ब्राह्म्सचे मित्र, व्हायोलिनवादक योझेफ योआखिम बर्लिनला ही सिंफनी सादर करणार होते, तेव्हा ब्राह्म्सने स्कोअरमध्ये पेन्सिलीने लय किंचित बदलण्याच्या काही खुणा करून दिल्या. सोबतच्या पत्रात त्याने लिहिले त्याचा आशय असा : रचना नवी आणि वादकांना अपरिचित असते तेव्हा अशा खुणांचा उपयोग होतो, तेव्हा हवा तो आवेग किंवा हवी ती शांतता मिळवण्यासाठी लय पुढे ढकलावी आणि मागे खेचावी तेवढी थोडीच वाटते, पण रचना एकदा रक्तामांसात भिनली की असल्या गोष्टींचे समर्थन करता येत नाही. छापील स्कोअरमध्ये त्या खुणा आल्या नाहीत. म्हणजे लवचीक लयीला ब्राह्म्सचा विरोध नव्हता, परंतु तिची गरज संपावी अशी त्याची अपेक्षा होती. माक्स फीडलर हे ब्राह्म्सला प्रत्यक्ष ओळखणारे संचालक; त्यांचे १९३० चे बर्लिनमधील ध्वनिमुद्रण ऐकले तर लय इतकी सैल आहे की आजच्या कानांना धक्का बसतो. फुर्टवेंगलर त्या परंपरेशी जवळचे आहेत. क्लायबर यांनी मात्र पत्रातील दुसरे वाक्य उचलले असावे, असे मला वाटते. ब्राह्म्स आपल्या त्या पत्राला उत्तर म्हणून हे वाजवून दाखवा असे म्हणाला असता, तर १९८० च्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकइतका ही रचना रक्तात भिनलेला वाद्यवृंद दुसरा कोणता होता? ७ मार्च १८९७ रोजी याच वाद्यवृंदाने, हे ध्वनिमुद्रण झाले त्याच व्हिएन्नातील म्युझिकफेराइनच्या सभागृहात, हान्स रिश्टर यांच्या संचालनाखाली ही सिंफनी वाजवली होती. आजाराने खंगलेला ब्राह्म्स सज्जात बसून ऐकत होता आणि प्रत्येक मूव्हमेंटनंतर श्रोत्यांनी त्याला टाळ्यांनी मानवंदना दिली. ३ एप्रिलला तो गेला.

मी जर्मनीत एका हौशी वाद्यवृंदात व्हिओला (व्हायोलिनहून खालच्या पट्टीचे तंतुवाद्य) वाजवते, त्यामुळे अनाहत यांचा मधल्या वाद्यांविषयीचा मुद्दा मला अगदी जवळचा आहे. व्हायोलिन ती प्रसिद्ध सुरावट वाजवत असताना व्हिओला आणि चेलो (त्याहूनही खालच्या पट्टीचे तंतुवाद्य) सतत वरखाली जाणारे तुटक स्वरसंघात, म्हणजे एकेक करून सुटे वाजवलेले स्वरसमूह, वाजवत असतात. आम्ही ते वाजवतो तेव्हा ती निव्वळ पार्श्वभूमी होऊन बसते. क्लायबर यांच्याकडे त्या लाटेला दिशा आहे. प्रत्येक बारच्या उत्तरार्धात ती किंचित भरते आणि पुढच्या बारला आपला भार सोपवते. दुसरी गोष्ट बैठकीची. क्लायबर पहिली आणि दुसरी व्हायोलिन एकत्र न ठेवता संचालकाच्या डाव्या-उजव्या हाताला समोरासमोर बसवत, त्यामुळे दोन गटांमधील देवाणघेवाण हेडफोनवर ऐकताना अक्षरशः दोन दिशांनी येते.

अनाहत

व्हिओला, पत्राचा संदर्भ दिल्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या मूव्हमेंटमधील दोन जागांविषयी आपले आणि काकांचे मत हवे आहे.

पहिली जागा म्हणजे डेव्हलपमेंटचा, म्हणजे सुरावटींचा विस्तार होतो त्या मधल्या विभागाचा आरंभ. ब्राह्म्सच्या आधीच्या तिन्ही सिंफनींत पहिला विभाग पुन्हा वाजवण्याची खूण आहे, येथे ती नाही. पण तो श्रोत्याला हुलकावणी देतो : सुरुवातीची सुरावट मूळ स्वरांत जशीच्या तशी पुन्हा येते, पुनरावृत्तीच चालू झाली असे वाटते, आणि काही बारांनंतर वाट वेगळीकडे वळते. क्लायबर येथे वळण आल्याची कोणतीही पूर्वसूचना देत नाहीत, आणि म्हणूनच फसवणूक पुरती साधते.

दुसरी जागा मला संपूर्ण सिंफनीत सर्वांत गूढ वाटते. मूळ सुरावट परतण्याची वेळ येते तेव्हा तिचे पहिले चार स्वर सुषिर वाद्यांवर, लांबच लांब, जवळजवळ कुजबुजल्यासारखे येतात. मध्ये तंतुवाद्यांचे धुके पसरते. मग पुढचे चार स्वर तसेच येतात आणि त्यानंतर सुरावट मधूनच आपल्या मूळ चालीने पुढे निघते, जणू तिने आरंभ केव्हाच केला होता. अनेक संचालक येथे काळ थांबवून ठेवतात. क्लायबर तो मंदावू देतात पण तुटू देत नाहीत, आणि त्यामुळे सुरावट परतली हे मला दरवेळी थोडे उशिराच कळते.

जुनी तबकडी

दुसऱ्या जागेबाबत मी आपल्याशी सहमत आहे, आणि हे मान्य करायला मला संकोच नाही. फुर्टवेंगलर तेथे इतके थांबतात की काहीतरी महत्त्वाचे घडते आहे हे आपल्याला सांगितल्यासारखे होते. ते सांगणे सुंदर आहे, पण न सांगता घडणे अधिक अवघड.

मात्र दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये चेलोवर जी दुसरी सुरावट येते, आणि पुढे तीच सर्व तंतुवाद्यांवर भरभरून परतते, तेथे क्लायबर मला थोडे राखून वाजवतात असे वाटते. त्या परतण्यात माझे डोळे भरून यायला हवेत. येत नाहीत.

सांजवेळ

काका, मला नेमके तेथेच भरून आले. कदाचित त्यांनी ती जागा अलंकृत केली नाही म्हणून असेल. हॉर्नविषयी एक प्रश्न आहे : यातील हॉर्नचा आवाज इतर ध्वनिमुद्रणांपेक्षा वेगळा, थोडा खरखरीत आणि अधिक उघडा का लागतो?

व्हिओला

सांजवेळताई, तो व्हिएन्ना हॉर्न आहे. जगभर इतरत्र बहुतेक वाद्यवृंदांत दुहेरी नळीचा हॉर्न वापरतात. तो वाजवायला तुलनेने सुरक्षित असतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने एकेरी नळीचा, निराळ्या झडपांचा जुना हॉर्न जपला आहे. त्यावर स्वर चुकण्याचा धोका अधिक, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो घसरल्यासारखा मऊ जातो आणि जोरात वाजवला की त्याचा रंग लगेच पालटतो. त्यांचा ओबोही (सनईच्या जातीचे वाद्य) इतरांहून वेगळा आहे. ब्राह्म्सच्या कानात हेच आवाज होते, त्यामुळे आपण टिपलेल्या त्या भैरवीच्या स्वरांना तेथे मातीचा वास येतो.

नवश्रोता

सर्वांचे वाचून काल मीही ऐकायला घेतली. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये ट्रँगल किणकिणू लागल्यावर एखाद्या जत्रेत आल्यासारखे वाटले. परंतु व्हायोलिनचा आवाज मला काहीसा पातळ आणि टोकदार वाटतो. हा माझ्या हेडफोनचा दोष आहे का?

अनाहत

दोष आपल्या हेडफोनचा नाही. हे डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीच्या काळातील काम आहे, आणि त्या काळातील अनेक तबकड्यांप्रमाणे येथेही वरच्या पट्टीतील तंतुवाद्ये जरा कोरडी लागतात; म्युझिकफेराइनच्या सभागृहाची जी ऊब प्रत्यक्ष मैफलीत असते ती पूर्णपणे उतरलेली नाही. नंतरच्या काळात सुधारून काढलेली आवृत्ती कानाला अधिक बरी वाटते. मला स्वतःला त्या कोरडेपणाचा एक फायदाही दिसतो : व्हिओला यांनी सांगितलेल्या मधल्या वाद्यांच्या हालचाली स्वच्छ ऐकू येतात.

तिसऱ्या मूव्हमेंटविषयी आपण लिहिलेले योग्यच आहे. चारही सिंफनींमध्ये ब्राह्म्सने एवढे खुले, धसमुसळे असे काही दुसरे लिहिलेले नाही. क्लायबर ती केवळ सहा मिनिटांत आटोपतात, आणि त्या आनंदाखाली कोठेतरी दात आवळल्यासारखे जाणवते.

सांजवेळ

शेवटच्या मूव्हमेंटविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून मी धीर करते. आठ बारांची एक सुरावट, आणि तिच्यावर तीस आवर्तने, मग शेवट, असे वाचले. ऐकताना मला तबल्याच्या एकल वादनातला लेहरा आठवला. सारंगीवर तेच आवर्तन फिरत राहते आणि तबलजी त्यावर कायदे, रेले, गती उभारतो. श्रोत्याला सम कोठे आहे हे सतत ठाऊक असते. येथेही तसे आहे का?

व्हिओला

ताई, तुलना फार जवळची आहे, एका फरकासह. या रचनाप्रकाराला पासाकाल्या किंवा शकॉन म्हणतात आणि तो ब्राह्म्सच्या काळात शंभर-दीडशे वर्षे जुना मानला जात होता. सुरावट त्याने बाखच्या १५० क्रमांकाच्या कँटाटाच्या (गायन आणि वाद्यांच्या धार्मिक रचनेच्या) शेवटच्या भागावरून घेतली आणि तिच्यात एक स्वर वाढवला. आपल्या भाषेत ती ‘सा रे ग म म प प सा’ अशी होते : गंधार कोमल, पहिला मध्यम शुद्ध, दुसरा तीव्र. तो तीव्र मध्यम ब्राह्म्सचा आहे, आणि सगळी वेदना त्यात आहे. तीन मूव्हमेंट गप्प बसलेले ट्रॉम्बोन (भारदस्त पितळी वाद्ये) ही सुरावट घेऊन पहिल्यांदा तोंड उघडतात.

फरक असा की लेहरा नेहमी ऐकू येतो. येथे तो कधी वर असतो, कधी बेसमध्ये (सर्वांत खालच्या स्वरांत) असतो, कधी मधल्या वाद्यांत लपतो आणि कधी केवळ त्याचा सांगाडा उरतो. मॅक्स काल्बेक या ब्राह्म्सच्या मित्राने ही मूव्हमेंट वेगळी काढून स्वतंत्र रचना म्हणून छापावी असे सुचवले होते. सुदैवाने ब्राह्म्सने ऐकले नाही.

आता क्लायबर काय करतात ते पाहा. बाराव्या आवर्तनात एकटी बासरी येते. ब्राह्म्सने तेथे तालाचे माप बदलले आहे, बार दुप्पट लांब केला आहे, पण मात्रेची लय पूर्वीचीच राहावी असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे विलंबित झाल्याचा भास रचनेतच आहे, संचालकाने त्यात आपली भर घालण्याची गरज नाही. आम्ही हा भाग वाजवला तेव्हा बासरीवाल्याला मोकळीक देण्याच्या नादात लय इतकी उतरली की पुढच्या ट्रॉम्बोनच्या आवर्तनात सगळे थिजले. क्लायबर बासरीला मोकळीक देतात, पण खाली मात्रा जिवंत ठेवतात. म्हणून सोळाव्या आवर्तनात मूळ सुरावट पुन्हा पूर्ण जोराने कोसळते तेव्हा ती बाहेरून आल्यासारखी वाटत नाही. ती सगळा वेळ खालून चालतच होती.

ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी क्लायबर यांच्या ऑक्टोबर १९९६ मधील म्युनिकच्या मैफलीचे चित्रमुद्रण पाहावे. तेथे बवेरियन राज्य वाद्यवृंद आहे. अनेक ठिकाणी ते मात्रा दाखवणे सोडूनच देतात आणि हाताने फक्त वाक्याचा आकार काढतात.

जुनी तबकडी

व्हिओला, आपल्या लेखनानंतर मी दोन्ही शेवट एकामागून एक ऐकले. फुर्टवेंगलर यांच्याकडे शेवटची आवर्तने म्हणजे संकट आहे, आणि ते कोसळताना मी अजूनही खुर्चीत सावरून बसतो. त्यात बदल नाही. पण क्लायबर यांच्याकडे शेवटच्या भागात, जेथे ब्राह्म्सने लय वाढवायला सांगितली आहे, तेथे ती वाढते ती मात्र एका झटक्यात, आणि नंतर अजिबात हलत नाही. मंदावण्याची सूचना स्कोअरमध्ये नाही आणि तेही मंदावत नाहीत. शेवटच्या स्वरसंघातापाशी मी नेहमीप्रमाणे पसरट, लांबलेल्या अखेरीची वाट पाहत होतो. तो वाजला आणि संपला. अनाहत, आपण पहिल्या लेखनात ज्याला सवलत न देणे म्हटले होते, ते मला काल त्या ठिकाणी प्रथमच ऐकू आले. दुसऱ्या मूव्हमेंटबाबतची माझी तक्रार मात्र कायम आहे, आणि ती मी रविवारी पुन्हा एकदा तपासणार आहे.